सीमेवर शांतता, मोंढ्यात टंचाई : भारत-चीन व्यवहाराकडे मराठवाड्यातून पाहताना

गोदाकाठ (धागाकर्ता)

धागा काढायचे निमित्त तसे किरकोळ आहे. २०२५ च्या जुलैत मोसंबीला ठिबकातून सोडायचे १२:६१:०० हे विद्राव्य खत आणायला मी जालन्याच्या मोंढ्यात गेलो होतो. नेहमीच्या दुकानात विद्राव्य खतांच्या पंचवीस किलोच्या गोण्या भिंतीला टेकून छातीपर्यंत रचलेल्या असतात. त्या दिवशी तिथे झाडून घेतलेली मोकळी फरशी होती आणि कोपऱ्यात सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या दोन बादल्या. दुकानदार म्हणाला, "चीननं माल सोडला नाही, काका. ते गलवानचं भांडण अजून मिटलेलं दिसत नाही."

हा तर्क मला तिथल्या तिथे खोडता आला नाही, परंतु तो जुळतही नव्हता. सीमेवर त्या वेळी गेल्या पाच वर्षांत नव्हती इतकी निवांत स्थिती होती. लडाखमधील देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीबाबत २१ ऑक्टोबर २०२४ रोजी समझोता जाहीर झाला, दोनच दिवसांनी कझान येथे मोदी आणि शी जिनपिंग यांची बैठक झाली, आणि २०२० पासून बंद असलेली कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे लडाखमधले तंबू निघाले होते आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या मोंढ्यात गोण्या येईनाशा झाल्या होत्या.

माझ्या समजुतीप्रमाणे याचे मूळ जुने आहे. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले, तेव्हापासून दोन्ही देशांनी एक रीत पाळली : सीमेचा वाद सुटायचा तेव्हा सुटेल, तोवर सीमेवर शांतता राखायची आणि बाकीचे व्यवहार चालू ठेवायचे. १९९३ आणि १९९६ चे करार याच रीतीला लेखी रूप देणारे होते. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्यांच्या झटापटीत ती मोडली. त्यानंतर भारताने अशी भूमिका घेतली की सीमा अस्वस्थ असताना बाकीचे संबंध पूर्ववत राहू शकत नाहीत. त्याच महिन्यात ५९ चिनी ॲपवर बंदी आली. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची करणारा आदेश त्याआधी एप्रिलमध्येच निघालेला होता. आयात मात्र कुणाला थांबवता आली नाही. २०१९-२० मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातली आपली तूट सुमारे ४९ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ मध्ये ९९ अब्जांवर गेली. त्या वर्षी आपण घेतले ११३ अब्जांचे आणि दिले १४ अब्जांचे.

आता खताबद्दल. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीला तपासणीची अट घातली. ती केवळ भारतासाठी नव्हती. स्वतःच्या शेतकऱ्याला खत परवडावे हा तिचा उघड हेतू होता. पण तपासणीचे टेबल एकदा मांडले की कोणाची गोणी आज तपासायची आणि कोणाची पुढच्या महिन्यात, हे टेबलामागे बसणाऱ्याच्या हातात राहते, आणि त्यासाठी बंदी घातल्याचे कुठेही लिहावे लागत नाही. फेरफाराच्या नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. आपण हे संबंध अजून सीमेच्या नकाशावर मोजत बसलो आहोत आणि चीन ते परवान्यांच्या वहीत मोजतो आहे, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी दुरुस्त करावे.

फौजी_उदगीर

खताच्या भागाबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही. घरची शेती भाऊ पाहतो. "निवांत स्थिती" हे शब्द मात्र खटकले, म्हणून लिहितो.

माघार आणि सैन्यकपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पँगाँगला फेब्रुवारी २०२१ मध्ये, गोग्राला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आणि हॉट स्प्रिंग्जला सप्टेंबर २०२२ मध्ये समोरासमोर उभे असलेले सैनिक मागे सरले, आणि मध्ये असा पट्टा राहिला की जिथे दोघांपैकी कोणीच गस्त घालत नाही. देपसांग आणि डेमचोकमध्ये २०२४ नंतर गस्त सुरू झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी जी हजारो माणसे, तोफा आणि रणगाडे वर चढवले, ते त्यांच्या मूळ ठाण्यांवर परतलेले नाहीत. माणूस पुढच्या खड्ड्यातून उठून मागच्या बराकीत गेला, एवढाच याचा अर्थ घ्यावा.

दुसरे असे की प्रत्यक्ष नियंत्रण रेषा म्हणजे आखलेली रेषा नव्हे. भारत चीनबरोबरची सीमा ३,४८८ किलोमीटर धरतो, तर चीन ती दोन हजारांच्या आसपास सांगतो. आणि रेषा कुठून जाते हे दाखवणाऱ्या नकाशांची रीतसर देवाणघेवाण आजवर फक्त मधल्या टप्प्यापुरती झाली आहे. आपल्याकडे मोजणी न झालेल्या बांधावर दोन भाऊ आपापल्या समजुतीने औत घालत असतात, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही गस्ती पथके समोर आली की ठरलेला विधी असे : अंतर ठेवून थांबायचे आणि ही जागा आमची आहे, तुम्ही परत जा, असे लिहिलेले कापड उलगडून धरायचे. ते वाऱ्यावर इतके फडफडते की चार हातांनी धरावे लागते. समोरचेही तेच करत. दहा-पंधरा मिनिटांनी दोघेही कापड गुंडाळून निघून जात. १९९६ च्या करारात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असे कलम आहे, म्हणून गलवानला दगड आणि खिळे ठोकलेले दांडे वापरले गेले. आपले २० जवान गेले, त्यांत कर्नल संतोष बाबू होते. चीनने स्वतःचे चार मृत्यू मान्य करायला फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. त्याआधी या सीमेवर आपला जवान चिनी गोळीने पडला होता तो १९७५ मध्ये, अरुणाचलातील तुलुंग ला येथे.

व्यापाराचा विषय आहे म्हणून एक आठवण सांगतो. मी सिक्कीममधील नाथू लाच्या भागात असताना खिंडीतला व्यापार चालू होता. १९६२ नंतर बंद पडलेली ती वाट जुलै २००६ मध्ये उघडली. आपल्या बाजूला शेराथांग आणि त्यांच्या बाजूला रिनचेनगांग येथे बाजार होता. सकाळी घोंगड्या, भांडी आणि डालडा भरलेली गाडी पलीकडे जायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची. रकमेच्या दृष्टीने तो व्यापार आपल्या आठवडी बाजारापेक्षा फार मोठा नसेल. पण गाडीवाला परत आला की आमचा सुभेदार त्याला चहा पाजून पलीकडच्या रस्त्याचे काम कुठवर आले ते विचारून घेई. पलीकडेही कुणीतरी चहा पाजत असणारच.

स्वाभिमानी_परभणी

एवढे लांबलचक लिहून काय साध्य होणार? प्रत्येकाने ठरवले की दिवाळीच्या माळा, खेळणी आणि मोबाईल चिनी घ्यायचे नाहीत, तर हा प्रश्न दोन वर्षांत सुटेल. सरकारने पोलादावर १२ टक्के शुल्क लावले, तेव्हा आपल्या जालन्याचे कारखाने वाचलेच ना? इच्छाशक्ती पाहिजे.

जालना_सळई

परभणीकर दादा, आपली भावना योग्य असली तरी उदाहरण चुकले आहे. एप्रिल २०२५ मध्ये लावलेले ते तात्पुरते संरक्षक शुल्क पत्रा आणि कॉइल अशा सपाट पोलादावर होते. जालन्यात भंगार वितळवून इंगट आणि बिलेट ओततात आणि त्याची बांधकामाची सळई काढतात. तिला त्या शुल्काचा थेट फायदा काही नाही. आम्हाला वीजदरात युनिटमागे रुपया कमी झाला, तर त्याचा उपयोग अधिक होईल. पण तो विषय या धाग्याचा नाही.

शेंद्रा_डायकास्ट

बहिष्काराच्या मुद्द्यावर माझ्या शेडमधली गोष्ट सांगतो, कारण माळा आणि खेळणी हा चीनच्या मालाचा दिसणारा भाग आहे, अडवणारा भाग वेगळाच आहे.

आमचा छोटा कारखाना शेंद्रा औद्योगिक वसाहतीत आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या मोटरला लागणारी ॲल्युमिनियमची झाकणे आम्ही ओततो. आमच्या मालात चीनचे काहीही नाही. ॲल्युमिनियम इथले, साचा पुण्याचा, माणसे करमाड आणि लाडसावंगीची. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात आमची एक पाळी बंद ठेवावी लागली. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समॅरियम, टर्बियम, डिस्प्रोशियम अशा सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. मोटरमध्ये हे चुंबक तळहाताएवढ्या जागेत मावतात, पण ते नसले तर मोटर बनत नाही, मोटर नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर माझी झाकणे कोणाला हवीत? ग्राहक कंपनीकडून निरोप आला की पुढील सूचना येईपर्यंत माल पाठवू नये. त्यांचा अर्ज चीनमध्ये पडून होता आणि त्यासोबत हे चुंबक कोणत्याही लष्करी कामासाठी वापरणार नाही, असे हमीपत्र द्यावे लागत होते. हा निर्बंधही नावाने भारताविरुद्ध नव्हता. तो अमेरिकेच्या आयातशुल्काला दिलेले उत्तर होता. हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले जाते ते असे.

दुर्मिळ म्हणतात तरी ही मूलद्रव्ये आपल्या केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत आहेत. अडचण ती वेगळी करण्याची, शुद्ध करण्याची आणि त्यांचे चुंबक पाडण्याची आहे. जगातील अशा चुंबकांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास चीन बनवतो, कारण त्याने हे घाणेरडे आणि कमी नफ्याचे काम इतर देश सोडून देत असताना चाळीस वर्षे धरून ठेवले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. योजना चांगली आहे, पण भट्टी लावून पहिला धड चुंबक निघेपर्यंत किती वर्षे जातात, हे ज्याने साधे ओतकाम उभे केले आहे त्याला विचारावे.

आणखी एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये चीनहून मागवलेले एक यंत्र लाकडी खोक्यात सात महिने पडून होते. ते बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला भारताचा व्हिसा मिळत नव्हता. गलवाननंतर ते व्हिसा जवळजवळ थांबले होते. शेवटी मालकाच्या पोराने मोबाईल स्टँडला लावला, पलीकडे तंत्रज्ञ, मध्ये चिनी भाषा येणारी एक मुलगी, आणि असे अकरा दिवस चालून ते यंत्र सुरू झाले. त्यातला एक सेन्सर उलटा बसला होता, हे कळायलाच दोन दिवस गेले. सुरक्षेसाठी व्हिसा रोखणे मला समजते. पण यंत्र येऊ द्यायचे आणि माणूस येऊ द्यायचा नाही, यात चीनचे पैसे कधीच अडकले नव्हते, अडकले ते आमचे.

इतिहास_लातूर

धागाकर्त्यांनी कथा १९८८ पासून सुरू केली, ती चौतीस वर्षे आधीपासून सुरू करावी लागेल. ज्याला आपण पंचशील म्हणतो तो २९ एप्रिल १९५४ चा करार मुळात तिबेट आणि भारत यांच्यातील व्यापार आणि येण्याजाण्याचा करार होता. पाच तत्त्वे त्याच्या प्रास्ताविकात होती. खाली कोणत्या गावी व्यापारी ठाणी असतील, यात्रेकरूंनी कोणत्या खिंडीतून जावे, हा सगळा बारीक तपशील होता. त्यात सीमारेषेचा उल्लेखच नव्हता. तो मुद्दा उकरायला नको आणि व्यवहार सुरळीत चालला की बाकीचे आपोआप मिटेल, ही समजूत तेव्हाचीच आहे. कराराची मुदत आठ वर्षांची होती. दरम्यान चीनने अक्साई चीनमधून शिनजियांग-तिबेट रस्ता काढला, १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीला येऊन रिकाम्या हाती गेले. जून १९६२ मध्ये कराराची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही, आणि २० ऑक्टोबरला तोफा सुरू झाल्या.

आपल्याकडे १९६२ म्हटले की "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य हमखास निघते. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली ती २१ नोव्हेंबरला, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी. सह्याद्री पोहोचला तेव्हा लढाई थांबलेली होती. यशवंतरावांचे खरे काम त्यानंतरचे आहे, मोडलेल्या सैन्याची पुन्हा घडी बसवण्याचे, आणि ते त्या वाक्यात झाकले जाते.

म्हणून माझा आक्षेप असा की व्यापार आधी, सीमा नंतर, ही रीत २०२० मध्ये पहिल्यांदा मोडली असे नाही. ती दुसऱ्यांदा मोडली. फरक इतकाच की १९६२ मध्ये तिबेटची लोकर आणि मीठ बंद झाल्याने मराठवाड्यातल्या कुणाचे काही अडले नव्हते.

तुतीवाला_बीड

लातूरकर सरांचे शेवटचे वाक्य पटले, पण मधला एक टप्पा राहतो. माझी दोन एकर तुती आहे. जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ २०१८ मध्ये सुरू झाली. त्याआधी आम्ही कोष पोत्यांत भरून कर्नाटकात रामनगरला नेत होतो. वाटेत पाऊस लागला किंवा गाडी रखडली, तर कोषातली अळी फुटून माल मातीमोल व्हायचा. तिथे पहिल्यांदा मला कळले की माझ्या कोषाचा भाव रामनगरला निघत असला तरी तो बांधलेला आहे चिनी कच्च्या रेशमाच्या भावाला. २०११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचे आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले, तेव्हा कोषांचे भाव कोसळले आणि कित्येकांनी तुती उपटली. २०१३ मध्ये ते १५ टक्के केले. दिल्लीत एका ओळीचा बदल होतो आणि गेवराईत बाग राहते किंवा जाते.

यात चीनला शिव्या देऊन मला बरे वाटत नाही, कारण पैठणच्या विणकराला मी स्वतः विचारले आहे. त्याचे म्हणणे, चिनी सूत एकसारखे असते, ताण्याला तुटत नाही, मधेच जाड-बारीक होत नाही. आपल्याकडेही आता दुबार जातीचे कोष निघतात आणि ते चांगले आहेत, पण ते सूत काढणारी यंत्रे कमी आहेत. शुल्क वाढवले तर माझा फायदा आणि त्याचे नुकसान, कमी केले तर उलट. आम्ही दोघेही मराठवाड्याचेच.

पैठणकर

नाव निघालेच आहे तर पाण्याबद्दल लिहितो. यारलुंग त्सांगपो, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, भारतात शिरण्याआधी जो मोठा वळसा घेते तिथे मेडोगजवळ चीन ६०,००० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम करत आहे; जुलै २०२५ मध्ये त्याचा आरंभ झाला. वरच्या अंगाला धरण आणि खालच्या अंगाला आपण, हे दुखणे जायकवाडीच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण आपल्याकडे निदान समन्यायी वाटपाचा कायदा आहे, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे मेंढेगिरी समितीचे सूत्र आहे, आणि ते पाळले नाही तर उच्च न्यायालय आहे. भारत आणि चीन यांच्यात पाणीवाटपाचा कोणताही करार नाही. पूरकाळात पाण्याची पातळी कळवण्याचा सामंजस्य करार तेवढा होता, त्याची ब्रह्मपुत्रेपुरती मुदत २०२३ मध्ये संपली. ब्रह्मपुत्रेचे बरेचसे पाणी भारतातल्या पावसाचे आणि उपनद्यांचे आहे, त्यामुळे नदी आटेल ही भीती अतिशयोक्तीची आहे. भीती आहे ती न सांगता एकदम सोडलेल्या पाण्याची.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. फौजी साहेबांची दुरुस्ती मान्य : "निवांत" हा शब्द मी मागे घेतो. लातूरकर सरांचा आक्षेपही मान्य, मात्र एक भर घालावीशी वाटते. चीनचे आपल्यावाचून अडले होते, असा काळ मराठवाड्याने एकदा पाहिला आहे. २०११ पासून चीन सरकारने कापसाचा प्रचंड राखीव साठा करायला घेतला आणि २०११-१२ मध्ये भारतातून सुमारे १२९ लाख गाठी निर्यात झाल्या, त्यांतल्या बहुतांश चीनला. मार्च २०१२ मध्ये दिल्लीने निर्यात अचानक रोखली, तेव्हा सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये बांधलेल्या गाठी पडून राहिल्या होत्या. काही दिवसांत ती बंदी सैल करावी लागली. २०१४ मध्ये चीनने साठ्याचे धोरण बदलले, स्वतःच्या शेतकऱ्याला थेट अनुदान देऊ लागला, आणि त्या हंगामात आमचा भाव हमीभावावर येऊन बसला. आपल्याकडे पत्ता होता तो तीन वर्षे, आणि तोही आपण उलटा खेळलो.

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला आले, तेव्हा सीमा निश्चितीसाठी तज्ज्ञगट नेमायचे, लिपुलेख, शिपकी ला आणि नाथू ला या खिंडींतून व्यापार पुन्हा सुरू करायचा असे ठरले. खते, दुर्मिळ मूलद्रव्ये आणि बोगदे खणणारी यंत्रे यांचा पुरवठा मोकळा करू असे आश्वासन मिळाल्याचे त्याच भेटीत आपल्या बाजूने सांगण्यात आले. सीमा आणि गोणी एकाच बैठकीत मांडली गेली, याकडे लक्ष वेधतो. डीएपी या खतासाठी सरकारने सौदी अरेबियाशी वर्षाला ३१ लाख टनांचा पाच वर्षांचा करार केला, हे शहाणपणाचे झाले. विद्राव्य खतांना मात्र अजून तसा दुसरा दरवाजा नाही.

परवा त्याच दुकानात गेलो होतो. १२:६१:०० आलेले होते, जुन्या भावाने नव्हे. गोणी उलटी करून पाहिली, मूळ देश चीनच होता. दुकानदार म्हणाला, "मिटलं म्हणायचं का मग, काका?" मी दोन गोण्या सांगितल्या होत्या, त्या चार केल्या.